सल्ला त्यांचा, निस्तरायचे कोणी?

एखाद्या कंपनीत एके दिवशी चार-पाच अनोळखी तरुण येतात. कडक इस्त्रीचे शर्ट, हातात लॅपटॉप, वय जेमतेम पंचवीस ते तीस. त्यांना बसायला एक स्वतंत्र खोली दिली जाते. मग ते एकेकाला बोलावून विचारतात, ‘तुम्ही दिवसभरात नेमके काय काम करता?’ तीस वर्षे नोकरी झालेला सुपरवायझर घरी आल्यावर बायकोला म्हणतो, ‘‘आज एका पोराने माझी तोंडी परीक्षा घेतली.’’ दोन-तीन महिन्यांनी ही मंडळी निघून जातात आणि नोटीस बोर्डावर परिपत्रक लागते. एक विभाग बंद, दोन विभाग एकत्र, काहींची बदली, काहींना स्वेच्छानिवृत्ती.

ही मंडळी म्हणजे मॅनेजमेंट कन्सल्टंट, अर्थात व्यवस्थापन सल्लागार. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर आपल्याकडे या व्यवसायाला चांगलीच बरकत आली. त्यांच्यावर एक जुना विनोद आहे. ते तुमचेच घड्याळ मागून घेतात, तुम्हालाच वेळ सांगतात आणि वर फी घेतात! मग धंद्यात मुरलेले मालक त्यांच्यावर कोट्यवधी रुपये का खर्च करतात?

एक कारण अगदी सरळ आहे. नवी संगणक यंत्रणा बसवणे किंवा दुसरी कंपनी विकत घेणे ही कामे एका कंपनीत वारंवार होत नाहीत. सल्लागाराने ती दहा ठिकाणी पाहिलेली असतात. दुसरे कारण म्हणजे आपल्याकडची जुनीच म्हण, पिकते तिथे विकत नाही. गोदामात माल का तुंबतो हे स्टोअरकीपर वर्षानुवर्षे सांगत असतो, पण तीच गोष्ट बाहेरच्याने रंगीत आलेख काढून सांगितली की साहेबांना पटते.

तिसरे कारण सहसा कोणी उघडपणे सांगत नाही. घरातली वाटणी करताना आपण नात्याबाहेरचा माणूस बोलावतो, तो केवळ त्याला हिशेब चांगला येतो म्हणून नव्हे. उद्या धाकट्याने तोंड फिरवले, तर ‘मी नाही, पंचांनी ठरवले’ असे थोरल्याला म्हणता यावे, हाही त्यात हेतू असतो. कंपन्यांचेही तसेच आहे. कारखाना बंद करायचे संचालकांच्या मनात आधीच असते. अहवाल हाती आला की तो निर्णय ‘तज्ज्ञांचा’ होतो.

अर्थात सल्लागार म्हणजे नुसता शिक्का नव्हे. कोणाशी बोलायचे, कोणते आकडे मागायचे आणि संचालकांपुढे कोणते पर्याय ठेवायचे, हे बरेचसे त्याच्या हाती असते. चौथा पर्याय कागदावर आलाच नाही, तर त्यावर चर्चा होणार कशी? शिवाय तो शब्द पुरवतो. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७० मध्ये धंद्यांची एक चौकट मांडली. त्यात कोणाला तारा, कोणाला दुभती गाय, कोणाला प्रश्नचिन्ह, तर बाजारही वाढत नाही आणि त्यात हिस्साही थोडा अशा धंद्याला चक्क ‘कुत्रा’ म्हटले. एकदा हे नाव चिकटले, की त्या विभागातल्या माणसांची बाजू कोण ऐकून घेणार?

या मंडळींचे गणगोतही मोठे. १९९३ मध्ये आयबीएमचे प्रमुख झालेले लुई गर्स्टनर आणि गूगलचे सुंदर पिचाई, दोघेही एकेकाळी मॅकिन्झीत होते. जुने सहकारी मोठ्या खुर्च्यांवर बसले की नवी कामे मिळायला अडचण पडत नाही.

खुर्चीत बसल्यावर

ज्याच्या नावाने ही मॅकिन्झी कंपनी चालते, त्या जेम्स मॅकिन्झीची गोष्ट मोठी बोलकी आहे. शिकागो विद्यापीठातल्या हिशेबशास्त्राच्या या प्राध्यापकाने १९२६ मध्ये आपली पेढी काढली. पुढे मंदीच्या काळात शिकागोचे मार्शल फील्ड हे प्रसिद्ध दुकान तोट्यात गेले, तेव्हा १९३५ मध्ये त्याला बोलावण्यात आले. तोट्यातला घाऊक व्यापार बंद करा, असे त्याने सुचवले. संचालक म्हणाले, मग तुम्हीच या आणि करून दाखवा! तो अध्यक्ष झाला. शेकडो माणसे घरी गेली, रोष सगळा त्याच्यावर आला. दुसऱ्याला सल्ला देण्यापेक्षा स्वतः निर्णय घेणे किती अवघड आहे ते आता कळले, असे त्याने बोलून दाखवल्याचे सांगतात. १९३७ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. एरवी अहवाल दिला की सल्लागार मोकळा. त्यातला कोणता भाग उचलायचा, हे अहवाल घेणारा ठरवतो.

मुंबईने याचा अनुभव घेतला आहे. उद्योजकांच्या ‘बॉम्बे फर्स्ट’ या संस्थेसाठी मॅकिन्झीने २००३ मध्ये ‘व्हिजन मुंबई’ अहवाल केला. दहा वर्षांत सुमारे २ लाख कोटी रुपये घालून मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याचा तो आराखडा होता. राज्य सरकारने तो उचलून धरला आणि शांघायचे नाव सर्वांच्या तोंडी बसले. अहवालात स्वस्त घरे वाढवण्याचीही शिफारस होती. प्रत्यक्षात २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले. घरे मागे राहिली.

सल्लागाराला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागल्याची उदाहरणे थोडी. त्यातले मोठे उदाहरण अमेरिकेतले. व्यसन लावणाऱ्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळीची विक्री वाढवण्यासाठी मॅकिन्झीने पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीला सल्ला दिला होता. त्या प्रकरणी तिने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांना ५७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ६५ कोटी डॉलर.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या कंपनीत उद्या अशी मंडळी आली, तर घाबरून गप्प बसू नका. त्यांना नेमके कोणते काम दिले आहे, हे साहेबांना विचारा. आपल्या कामातले बारकावे तोंडी सांगून थांबू नका, एका कागदावर लिहून द्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. त्यांच्यातले पुष्कळ जण खरोखर शिकायला उत्सुक असतात आणि असा कागद अनेकदा जसाच्या तसा अहवालात उतरतो.