हाली, कलदार आणि रोमचा शिक्का

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मंठाळ गावच्या पंचक्रोशीतील ज्या वृद्धांनी निजामी अंमल पाहिला, त्यांना हाली आणि कलदार हा भेद समजावून सांगावा लागत नाही. हैदराबादच्या टांकसाळीतला हाली रुपया आपल्या मुलखात बिनदिक्कत चाले, परंतु इंग्रजी अंमलातील सोलापूरच्या पेठेत देणे चुकवावयाचे तर सात हालींचे सहाच कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, पदरी पडत. हा बट्ट्याचा व्यवहार ध्यानात घेतला, म्हणजे रोमन साम्राज्याच्या प्रांतिक नाण्यांचे निम्मे मर्म उलगडते.

साम्राज्यभर चालणारा सोन्याचा ‘ऑरियस’ आणि चांदीचा ‘दीनारियस’, ज्यापासून संस्कृतातील ‘दीनार’ आला, यांवर लॅटिन अक्षरे असत. पूर्वेकडील सुभ्यांतील नगरे मात्र ग्रीक अक्षरांची, बहुधा कांस्याची, आपापली नाणी पाडीत. म्हणून परीक्षकाने प्रथम लिपी पाहावी, नंतर पाठीवरील स्थानिक दैवत, देवालय वा नगरनाम पाहावे. अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर तर इंग्रजी ‘एल’सारखे चिन्ह आणि त्यापुढे ग्रीक अंकाक्षर असून, त्यावरून सम्राटाच्या राजवटीचे वर्ष निघते.

हिंदुस्थानकडे येणारी गलबते ईजिप्तच्याच बंदरांतून सुटत, तरी ईजिप्तचे नाणे आपल्याकडे क्वचितच आढळते. कारण ते त्या सुभ्यापुरतेच चाले, आणि येथला व्यापारी धातूचा कस पाहून माल देणारा होता. उलट, 1891 साली बंगळूरजवळ यशवंतपूर येथे निघालेल्या ठेव्यात 163 दीनारियस होते. एका रोमन पौंडातून पूर्वी 84 दीनारियस पाडीत, ते सम्राट नीरोने इ. स. 64 च्या सुमारास 96 केले आणि चांदीतही हीण मिसळले. आपल्याकडील चांदीच्या ठेव्यांत त्यापूर्वीचीच नाणी प्रामुख्याने आढळतात, यावरून आपल्या सराफांच्या नजरेची पारख होते.

किंमत ठरविताना छाप किती शाबूत आहे, नाणे किती दुर्मिळ आहे, हे पाहतात. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठावर बारीक छिद्रे दिसली, तर ते ठशाखाली न पाडता साच्यात ओतले असावे, असा संशय धरावा. चिंच लावून नाणे लखलखीत करणारा मनुष्य त्याचे मोल स्वहस्ते पुसून टाकतो. त्याहून मोठे नुकसान होते ते नाणे कोणत्या शेतात, कोणत्या थरात निघाले याची नोंद हरविल्याने. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी वर्दी कलेक्टरास देण्याचे जे बंधन घातले, त्यामुळे निदान असल्या नोंदीस कचेरीचे दफ्तर तरी मिळाले.

या नोंदीचे महत्त्व पाहावयाचे तर मंठाळच्या पूर्वेस, तेलंगणातील कोंडापूरकडे वळावे. तेथील उत्खननात सम्राट ऑगस्टसच्या सुवर्णनाण्याबरोबरच तिबेरियसच्या नाण्याची मातीची प्रतिकृतीही मिळाली. असली मृण्मय पदके पश्चिमेस तेर येथेही निघाली असून ती अलंकार म्हणून वापरीत. सराफाच्या तराजूत त्या मातीच्या तिबेरियसची कवडीही यावयाची नाही. परंतु परमुलखीच्या बादशहाची मुद्रा येथल्या लोकांना अंगावर मिरविण्याइतकी आवडली होती, ही साक्ष यशवंतपूरच्या 163 दीनारियसांनाही देता आलेली नाही.