हात थरथरतो, फोटो नको थरथरायला!

चहाची बशी वाजायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या आधी ते मला कळलं होतं. कप पाहुण्यांसमोर न्यायचा म्हटलं की किणकिण सुरू. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, फुटपट्टी न घेता फळ्यावर सरळ रेघ मारून दाखवायची ही माझी फुशारकी. त्याच हाताला आता सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर गोल गोल चक्र काढायला लावलं आणि म्हणाले, "बाई, हा पार्किन्सन नाही. नुसता कंप आहे. हात मांडीवर स्वस्थ असताना येत नाही, काही धरलं की येतो. जिवाला धोका नाही."

जिवाला नव्हता हे खरं. माझ्या फोटोंना मात्र होता.

लालबागला आमची चाळ मोठ्या रस्त्यावर. तिसरा मजला, दोन खोल्या आणि पुढं सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. अनंत चतुर्दशीला या गॅलरीचं भाडं लावलं असतं तर आमच्या मुलांची शिक्षणं त्यावर झाली असती! गणेश गल्लीचा १९२८ पासूनचा, 'लालबागचा राजा' १९३४ पासूनचा, आणि तेजुकाया, चिंचपोकळी, परळ असे एकामागून एक गणपती डोळ्यांसमोरून जातात. २०११ मध्ये उड्डाणपूल झाला तेव्हापासून रस्त्याचा एक तुकडा पुलाखाली गेला, तरी उरलेलं पुष्कळ आहे. १९८८ साली ह्यांनी बोनसमधून याशिका कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून दर वर्षी छत्तीस फोटोंचा एक रोल विसर्जनाच्या नावे असायचा. त्या फोटोंत गर्दी समुद्राएवढी आणि गणपती बुंदीच्या लाडवाएवढा. कॅमेऱ्याची लेन्स एकच, जवळ आणणं तिला ठाऊकच नव्हतं. हे म्हणायचे, "एकदा त्या लांब नळीवाल्या लेन्सनं बाप्पाचे डोळे काढायचेत." ते राहिलं. हे गेले, याशिका कपाटात गेली.

मग चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या. २०२४ चा गणपती या गॅलरीतला शेवटचा, हे जानेवारीतच कळलं. त्याच सुमारास गिरगावच्या माझ्या भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना कॅनन २००डी माझ्या हातात ठेवला. "मावशी, कॅमेरा माझ्याकडून. लेन्स मात्र तुला घ्यावी लागेल." मी पेन्शनमधले पंधरा हजार बाजूला काढले. त्यापुढं एक रुपया नाही, हे आधीच बजावून ठेवलं.

आता लांबची लेन्स आणि थरथरता हात यांचं वैर कसं, ते सांगते, कारण ते कळायला मलाही वेळ लागला. हातात खडू धरला तर माझा कंप फारसा दिसत नाही. त्याच हातात जळमटं काढायची काठी धरली की तिचं टोक वीतभर हलतं. लेन्सचंही तसंच. ती जितकं लांबचं जवळ आणते, तितकी हाताची थरथरही मोठी करून दाखवते. म्हणून फोटोवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागात तरी शटर मिटलं पाहिजे. २५० ची लेन्स असेल तर १/२५०. त्यातही भाच्याच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरवर ती ४०० सारखी वागते, म्हणजे १/४०० धरायचं. भर उन्हात हे जमतं. सप्टेंबरच्या ढगाळ संध्याकाळी एवढा उजेड आणायचा कुठून? आणि हा ठोकताळा ठणठणीत हातांसाठी आहे, माझ्या हातांसाठी नाही.

यावरचा उपाय म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन. नाव भारदस्त असलं तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. घाटात एसटी वळणावर कलली की मुरलेला कंडक्टर काय करतो? गाडी डावीकडे गेली की हा उजवीकडे कलतो, आणि हातातलं तिकीट सरळच फाडतो. लेन्सच्या पोटात असाच एक कंडक्टर असतो. बारीक संवेदक हात कुठं हलला ते ओळखतात आणि काचांचा एक गट क्षणात उलट्या दिशेला सरकतो. चित्र जागच्या जागी राहतं. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ मध्ये काढली, ७५-३०० मिलिमीटरची. त्या वर्षी आमच्या चाळीत कुणी तिचं नावही ऐकलं नसेल. आज तीच करामत मध्यमवर्गीय खिशात बसते, विशेषतः जुनी, वापरलेली लेन्स घेतली तर.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी करी रोडहून लोकल धरून आम्ही मावशी-भाचे सीएसएमटीला उतरलो आणि बोरा बाजारात शिरलो. कॅमेऱ्याची दुकानं इथं एकाला एक चिकटून. पहिल्याच दुकानात शेठनं काचेवर ७५-३०० ची नवीकोरी लेन्स ठेवली. "आंटी, तीनसौ है. ढाईसौ लेके क्या करोगे?" स्वस्त होती, डबा चकचकीत होता, मी भुललेच होते. भाच्यानं लेन्सवरची अक्षरं वाचली आणि डबा परत सरकवला. तिच्यावर 'आयएस' नव्हतं. म्हणजे कंडक्टर नव्हता.

हा फसायचा पहिला खड्डा. प्रत्येक कंपनीनं एकाच गोष्टीला वेगळं नाव दिलंय. कॅननचं आयएस, निकॉनचं व्हीआर, टॅमरॉनचं व्हीसी, सिग्माचं ओएस, सोनीचं ओएसएस. ७०-३०० एवढाच आकडा बघून कुणी घेऊ नये. निकॉनने २०१६ मध्ये लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी ७०-३०० च्या दोन जुळ्या बहिणी काढल्या, एक व्हीआरची, एक बिनव्हीआरची, आणि दिसायला सारख्या. शिवाय त्या दोघी निकॉनच्या कित्येक जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत. तेव्हा आपला कॅमेरा बरोबर नेऊन, लावून बघितल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.

तिसऱ्या दुकानात वापरलेल्या लेन्सचं कपाट होतं. मालक वयस्कर, शांत. त्यांनी आम्हाला वेळ दिला, आणि या बाजारात वेळ देणारा दुकानदार मला सवलत देणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. दोन लेन्स निवडल्या: २०१३ साली निघालेली ५५-२५० आयएस एसटीएम, आणि तिची थोरली बहीण ७०-३०० आयएस, दुसरी आवृत्ती. थोरलीची किंमत माझ्या पंधरा हजारांच्या पलीकडं होती, पण भाचा म्हणाला, "आधी बघ तर खरं. आवडली तर वरचे मी घालीन."

परीक्षा अशी घेतली. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं होतं. शटर १/६० वर ठेवायचं, झूम पूर्ण लांब, आणि उभ्यानं, कशाला न टेकता, तारखांचे दहा फोटो काढायचे. आधी लेन्सवरचं बटण बंद करून, मग चालू करून. भाचा पडद्यावर मोठं करून मोजत होता. ५५-२५० वर बटण बंद असताना दहापैकी एकाही फोटोत तारखेखालची बारीक अक्षरं वाचता आली नाहीत. चालू केल्यावर सहा वाचता आले. सहा! मला वर्गात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं झालं. शटर अर्धं दाबलं की आतून मंद घरघर येते आणि डोळ्यासमोरचं नाचणारं कॅलेंडर हळूच स्थिरावतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काही बोलले नाही. भाच्यानंही विचारलं नाही.

मग थोरली लावली. काच तिची अधिक चांगली, कंडक्टरही तरबेज. पहिले तीन फोटो उत्तम आले. नंतर दंड भरून यायला लागला आणि त्याबरोबर हात जास्तच हलायला लागला. दहात चारच धड. कारण साधं होतं. धाकटी ३७५ ग्रॅमची, थोरली ७१० ग्रॅमची, जवळजवळ दुप्पट. कुठल्याही जाहिरातीत हे सापडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. कंप असलेल्या, सांधे धरलेल्या किंवा नुसत्या वय झालेल्या हाताला वजन हा आधी बघायचा आकडा आहे. २५० आणि ३०० मधला फरक नंतर फोटो थोडा कापून भरून काढता येतो, दुखरा दंड कापून काढता येत नाही.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून धरून आत बघावं. मुंबईच्या पावसाळ्यानं काचेवर बुरशीची कोळिष्टकं काढलेली असतात, आणि ती एकदा धरली की साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो. आमची साफ होती. झूमची कडी सैल नाही, बटण चालतंय, हे बघून साडेनऊ हजारांत सौदा झाला. बिल मागून घेतलं. ह्यांच्या याशिकाला चामड्याच्या पेटीत ठेवून आम्ही बुरशी लावून घेतली होती, म्हणून ही घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. घरात तिला 'लोणचं' म्हणतात.

मार्चमध्ये शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलो. त्याच जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू तिथूनच समुद्रात निघतो. भरती चढताना पक्षी चिखलावरून किनाऱ्याकडे सरकतात, ती वेळ साधली. २५० मध्ये एकेका पक्ष्याची मान मोजण्याइतकं जवळ काही येत नाही, त्यासाठी ४००-६०० ची लेन्स लागते आणि ती माझ्या पेन्शनीत नाही. थवा मात्र सुरेख आला. दुपार चढल्यावर सगळेच फोटो विरघळल्यासारखे यायला लागले. मी हाताला दोष देत होते, पण तापलेल्या चिखलावरची हवाच थरथरत होती. तिला कुठलं बटण नाही.

हाच धडा १७ सप्टेंबरला, विसर्जनाच्या दिवशी, पुन्हा मिळाला. गॅलरीत आम्ही तीस माणसं; ट्रायपॉड लावायचा तर कुणाला तरी खाली उतरवावं लागलं असतं! मी कठड्यावर लहान उशी ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली, दोन्ही कोपर अंगाशी घेतले. श्वास अर्धा सोडून थांबायचं, शटर अर्धं दाबून चित्र स्थिरावू द्यायचं, मग एका दमात तीन फोटो. पहिला बोट दाबण्यानं हलतो, दुसरा-तिसरा बरा निघतो. संध्याकाळी १/६० वर बाप्पा लख्ख आले, आणि ढोलवाली पोरं, गुलाल, नाचणारे हात सगळे फराटे. लेन्स माझा हात धरून ठेवते, लालबागला कोण धरणार? मग भाच्यानं फोनवरून सांगितल्याप्रमाणे आयएसओ ६४०० केला, शटर १/२५० वर नेलं. फोटोत रवाळ कण आले, पण चेहरे आले. एका गणपतीचे डोळे आले, अगदी पापणीच्या रंगाच्या रेघेसकट. ह्यांच्या फोटोशेजारी तो आता लावलाय.

पण ज्यासाठी पैसे वसूल झाले तो फोटो बाप्पाचा नाहीच. दोन गणपतींच्या मधे रस्ता थोडा मोकळा झाला, आणि मी लेन्स सहज समोर फिरवली. समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना हात करतो. दिवाळीत, विसर्जनाला, हे गेले त्या सकाळी. नाव ठाऊक नाही, आवाज कधी ऐकला नाही. रस्ता ओलांडून जायला काय होतं, पण नाही गेलो. लेन्समधून त्या पहिल्यांदा जवळ आल्या. केस पांढरे, नाकात मोत्याची नथ, शेजारी ती कुंडी, जिला मी चाळीस वर्षं तुळस समजत होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात केला. तीन फोटो. तिसरा हलला नाही.

नवरात्रात त्याची प्रत घेऊन मी त्यांचे जिने चढले. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांबून कुंडीसुद्धा आली! ओवा आहे हो तो. भज्यांना लावलाय." निघताना त्यांनी एक फांदी तोडून दिली. ती आता आमच्या वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत खिडकीवर रुजलीय. पाणी घालते तेव्हा निम्मं कुंडीत पडतं, निम्मं खालच्या मजल्यावर.