इंजिनातले पाणी जाते कोठे?

भवानी पेठेतील श्रोत्यांपुढे मोटारीच्या इंजिनावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. उत्तर जवळचेच आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच सोलापुरात झाला. 1944 साली त्यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीची ‘पद्मिनी’ पुढे मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. ती निघणे केव्हाच थांबले, तरी तशी एक जुनी गाडी आमच्या दारात आहे. तिने आम्हांस जे शिकविले तेच येथे सांगतो.

एका चैत्रात तिच्या रेडिएटरमधील पाणी रोज तांब्याभर कमी होऊ लागले. जमिनीवर ओल नाही. सोलापूरचा उन्हाळा, पाणी आटणारच, अशी समजूत करून आम्ही महिनाभर भर घालीत राहिलो. ही आमची चूक. रेडिएटरचे पाणी हौदातल्यासारखे उघडे नसते. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरते, आणि हवेच्या निम्म्याइतका दाब वाढला की पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंशांवर उकळते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर येते. अशा बंद जागेतले पाणी कमी झाले, तर ते कोठून तरी गळालेच पाहिजे.

शोध बाहेरून आत घ्यावा. इंजिन थंड असता होज पाइप, त्यांच्या क्लिपा व रेडिएटरचा तळ पाहावा. गळतीच्या जागी क्षारांचा पांढरा डाग उरतो. मग इंजिन चालू करून, हात व बाह्या पंख्यापासून दूर ठेवून, वॉटर पंप न्याहाळावा. आमचा दोष येथेच निघाला. पंपाचे सील झिजले होते. इंजिन चालू असतानाच थेंब पडत आणि तापलेल्या लोखंडावर वाळून जात.

पण तोवर उशीर झाला होता. ऑइलची पट्टी ओढली, तो ऑइल दुधाळ चहासारखे, रेडिएटरमध्ये बुडबुडे, इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर. ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी, तर हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. पाण्यावाचून इंजिन फार तापले की हेड वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते.

मेस्त्रींनी हेड उतरविले, सरळ पट्टी ठेवून वाक मोजला व ते यंत्रावर सपाट करून आणले. गॅस्केट, पंपाचे सील व ऑइल नवे घातले. हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात, म्हणून शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरले. कूलंट चवीला गोड पण विषारी असते; ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

सीलच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आम्हांस सोसावा लागला. ज्याचे पोट गाडीवर चालते, त्याचे तर रोजचे उत्पन्नही बुडते. तेव्हा पाणी दुसऱ्यांदा कमी दिसले, की तांब्या खाली ठेवावा आणि बॅटरी हाती घ्यावी.