जुन्या दाराचें कुलूप

पावसाळा लागला कीं जुन्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. किल्ली फिरते, पण कुलूप लागत नाहीं. दार खांद्यानें रेटावें किंवा मूठ धरून वर उचलावें, तेव्हां कोठें कुलपाचा दांडा चौकटीच्या खांचेंत शिरतो. घरचीं माणसें कुलपाला नांवें ठेवतात आणि नवें आणण्याच्या गोष्टी करूं लागतात. परंतु अशा वेळीं अपराधी बहुधा कुलूप नसून दार असतें.

याची परीक्षा सोपी आहे. दार उघडें ठेवून किल्ली फिरवावी. दांडा न अडखळतां पुरा बाहेर आला, तर कुलूप निर्दोष समजावें. मग दांडा आंत घेऊन त्याच्या टोकाला खडू फासावा, दार लावावें व किल्ली पुन्हां फिरवावी. चौकटीवरील पत्र्यावर जेथें पांढरा डाग उमटेल, तेथें दांडा आपटतो. डाग खांचेच्या खालीं पडला, तर दार उतरलें आहे, आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले असण्याचा संभव आहे. ते आवळावे. भोकें मोठीं झालीं असल्यास सरसांत बुडविलेल्या लांकडी काड्या त्यांत ठोकाव्या, आणि सरस वाळल्यावर स्क्रू बसवावे. एवढें करूनही केसभर अंतर राहिलें, तर पत्र्याची खांच कानशीनें थोडी वाढवावी. भर पावसांत दाराला रंधा मात्र मारूं नये. लांकूड ओल शोषून रुंदीकडे फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. घाईनें तासलेल्या दाराला मग फट पडते.

दार उघडें असतांनाही दांडा अडखळला, तर दोष कुलपाच्या आंत आहे. जुन्या दारांच्या जाडींत बसविलेलीं कुलुपें बहुधा लिव्हरचीं असतात. इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं अशा कुलपाचें पेटंट घेतलें व १८१८ सालीं जेरेमाया चब यानें त्यांत सुधारणा केली. मुंबईंत अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपें करण्यास आरंभ केला. लिव्हरच्या कुलपांत पातळ पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात आणि कमानी त्यांना दाबून धरतात. किल्लीचा प्रत्येक दांत आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो, तेव्हांच दांड्याला वाट मिळते. दांत झिजला कीं पट्टी कमी उचलली जाते. म्हणून नवी किल्ली झिजलेल्या किल्लीवरून करवूं नये. कपाटांत पडून राहिलेल्या जोडकिल्लीवरून करवावी.

कुलपांत खोबरेल ओतण्याची चाल चांगली नव्हे. तें थंडींत थिजतें व धूळ धरतें. मऊ शिसपेन्सिलीची पूड किल्लीला लावून ती चार वेळां फिरवावी. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. न भागल्यास कुलूप काढून त्याचें झांकण सावकाश उचलावें, नाहींतर कमान उडून जाते. पट्ट्या ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें कागदावर मांडाव्या. तुटलेली कमान बदलतां येते. दांडाच तडकला असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा, आणि दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचें अंतर मोजून त्याच मापाचें कुलूप आणावें.

रेटून लागणाऱ्या कुलपाची धडधाकट माणसांना संवय होते. पण एखाद्या रात्रीं घरांत वृद्ध आजी एकट्याच असतात, कोठें आग लागते, आणि दार उचलून धरण्याचें बळ त्यांच्या हातांत नसतें. चोराला बाहेर ठेवणें हें जसें कुलपाचें काम, तसेंच घरच्या माणसाला वेळेवर बाहेर येऊं देणें हेंही त्याचेंच काम. खडूची ही परीक्षा पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळ्यांत एकदां अवश्य करून पाहावी.