परदेशचा व्यवहार आणि घराची पत

आर्णीसारख्या गावी पैसे देण्याघेण्याची रीत मुलांना कोणी मुद्दाम शिकवीत नाही. आजीच्या मागे पिशवी धरून बाजारात हिंडता हिंडता ती अंगवळणी पडते. भाजीवालीशी थोडी घासाघीस करावी, भाव ठरल्यावर वर चार मिरच्या हक्काने मागून घ्याव्या, वाण्याच्या वहीत जिन्नस मांडून ठेवावे आणि कापसाचे पैसे हाती आले म्हणजे खाते चुकते करावे, ही ती रीत. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून चहाच्या टपरीवरही मोबाइलने पैसे देता येऊ लागले. तरी तेथे माध्यम तेवढे बदलले आहे. अशा घरातील मुलगा शिकून सवरून अमेरिकेस किंवा जर्मनीस निघाला, की आपण त्याच्याबरोबर मेतकूट, लोणचे व गोधडी बांधून देतो. तेथे पैसे कसे द्यावयाचे, याविषयी मात्र घरात चकार शब्द निघत नाही.

पूर्वी विलायतेस जाणाऱ्यांपुढे निदान नाण्यांचा प्रश्न असे. बारा पेन्सांचा शिलिंग व वीस शिलिंगांचा पौंड, हा हिशेब तेथे फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालू होता. पण रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पया तोंडपाठ असलेल्या आपल्या मंडळींना त्याचे भय वाटण्याचे कारण नव्हते. आता सर्वत्र दशमान पद्धती आहे, आकडेमोड यंत्र करते; आणि तरीही नवखा माणूस गल्ल्यापुढे गोंधळतो, कारण त्याला न कळणारी गोष्ट गणिताची नसून रिवाजाची असते.

किंमत हाच शब्द घ्या. आपल्याकडे पुड्यावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसहित असते. त्याहून पै अधिक मागितली तर गिऱ्हाईक भांडू शकते. अमेरिकेत फळीवर लिहिलेला भाव बहुधा कराखेरीजचा असतो. विक्रीकर गल्ल्यावर चढतो आणि तो राज्याराज्यांत, गावागावांत निराळा. ऑरेगॉनसारख्या काही राज्यांत तो मुळीच नाही. मोजून दहा डॉलर मुठीत घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यास एखादी वस्तू परत ठेवावी लागते, ती यामुळे.

याहून अवघड प्रकरण बक्षिशीचे. आपल्या मनात बक्षिशी ही देणाऱ्याची मर्जी आहे. वाढप्याने आपुलकीने वाढले तर दहावीस रुपये ठेवावे, न ठेवले तरी कोणाचे देणे बुडत नाही. अमेरिकेतील खाणावळीत मात्र ती वाढप्याच्या मजुरीचाच भाग होय. तेथील संघराज्याच्या कायद्याने किमान मजुरी २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर ठरविली आहे. परंतु बक्षिशी मिळविणाऱ्या नोकरास मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली भर गिऱ्हाइकाच्या बक्षिशीतून पडावी, न पडल्यास मालकाने घालावी, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पुरी मजुरी द्यावी लागते, तथापि रिवाज तेथेही तोच. तेव्हा बिलावर शेकडा पंधरा ते वीस ठेवणे हा शिष्टाचार समजला जातो. काटकसरीत वाढलेल्या आपल्या मुलाला हे उधळपट्टीचे वाटते, आणि वाढप्याला आपला मुलगा कद्रू वाटतो. ही पद्धत न्याय्य आहे असे आम्हांस वाटत नाही. मजुरी मालकाने द्यावी हेच रास्त. पण आपल्या तत्त्वनिष्ठेचा खर्च त्या गरीब वाढप्याने का सोसावा?

त्यातही एक गंमत आहे. वाढपी बहुधा कार्ड घेऊन आत जातो व चिठ्ठी आणून देतो; तिच्यावर बक्षिशीचा आकडा आपण मागाहून लिहावयाचा. गुप्त अंक दाबल्यावाचून पैसे जाऊ न देणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात त्या वेळी गोळा उठतो.

जर्मनीत याच्या उलट चाल. तेथे बक्षिशी शेकडा पाचदहा पुरते, आणि ती मेजावर ठेवून निघून न जाता पैसे देतानाच तोंडाने सांगावयाची. बिल १८.४० युरो झाले तर ‘वीस’ म्हणावे, म्हणजे झाले. त्याआधी वाढपी विचारतो, ‘एकत्र की वेगवेगळे?’ चार मित्र आपापल्या ताटाचे पैसे निमूटपणे मोजतात. बिल मीच देणार म्हणून झोंबाझोंबी करणाऱ्या आपल्या मंडळींना यात परकेपणा दिसतो. त्यांना मात्र यात मैत्रीला बाध येईल असे काहीच दिसत नाही.

येथवरचे सारे चारदोन महिन्यांत अंगवळणी पडते. खरा घोर लावणारी गोष्ट पुढेच आहे, ती पत.

आर्णीचा वाणी वहीवर माल देतो तो घर पाहून. आजोबांनी कोणाचे बुडविले नाही, एवढ्या पुण्याईवर नातवाला साखर मिळते; नवी सून आली तरी घराचे नाव सांगताच तिचीही पत होते. अमेरिकेत पत घराची नसते, एकेका माणसाची असते, आणि ती आकड्यांत मांडतात: ३०० ते ८५०. निदान एक उधारीचे खाते सहा महिने जुने असल्याखेरीज तो आकडा सहसा निघतच नाही. येथे कितीही एकर शेती असो, तेथील घरमालक भाड्याने खोली देण्यापूर्वी तो आकडा विचारतो. म्हणून मुलाने प्रारंभी बँकेत अनामत ठेवून मिळणारे लहानसे कार्ड घ्यावे व दरमहा पुरते फेडावे.

परंतु त्याच्याबरोबर जाणाऱ्या सुनेचे काय? नोकरदाराची पत्नी म्हणून गेलेल्या स्त्रीस तेथे बहुधा आपोआप काम करता येत नाही. मे २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळू लागली, तीही पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यावर. परवानगी नाही म्हणून तेथील सामाजिक सुरक्षा क्रमांक सहसा मिळत नाही, आणि त्यावाचून बँकेचे दार अर्धवटच उघडते. येथे शाळेत शिकविणारी, स्वतःच्या पगाराचा हिशेब ठेवणारी मुलगी तेथे दुधाच्या बाटलीसाठीही पतीच्या कार्डाकडे पाहते. पती सज्जन असला तरी तिच्या नावावर व्यवहाराची ओळही उमटत नाही. तो आजारी पडला वा बिनसले, तर परक्या मुलखात तिला कोणी ओळखत नाही.

तेव्हा सासूबाईंनी रागावू नये, पण ही बोलणी दागिन्यांच्या याद्या करतानाच व्हावीत. पोहोचताच दोघांच्या नावे खाते उघडावे. बहुतेक बँकांत त्यातून दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतात. पतीच्या कार्डावर तिचे नाव घालणे ही सोय बरी, पण ते नाव पती केव्हाही काढू शकतो, हे ध्यानात असावे. तेथील नियमांत २०१३ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे २१ वर्षांवरील व्यक्तीस कार्डाच्या अर्जात, जिच्यावर आपला वावर आहे अशी जोडीदाराची मिळकतही दाखविता येते. या दुरुस्तीचा उपयोग घरी बसलेल्या स्त्रीने अवश्य करावा.

इकडची बाजूही विसरू नये. परदेशी राहावयास गेलेल्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. मुलीचे लग्नापूर्वीचे खाते याच घाईत बंद करण्याची चाल आम्हांस पसंत नाही. ते तिच्याच नावे बदलून ठेवावे. भारतातील मोबाइल क्रमांकही तत्काळ सोडू नये, कारण बँकेचा परवलीचा अंक त्यावरच येतो. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा, सिंगापूर इत्यादी दहा देशांतील क्रमांक अशा अनिवासी खात्यांच्या यूपीआयला जोडण्याची मुभा दिली गेली. आपल्या बँकेत ती सोय आहे किंवा कसे, हे विमानात बसण्यापूर्वी मुलीने स्वतः जाऊन विचारावे.