लेखणीला कोठडी

मराठी वृत्तपत्राचे जनक आपल्या जिल्ह्यातले, हे आपण अभिमानाने सांगतो. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. दर्पण म्हणजे आरसा. आरशातले आपले रूप राज्यकर्त्याला रुचले नाही, की तो आरसा धरणाऱ्याचा हात पकडतो. हा हात पकडण्याच्या रीती कोणत्या, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी येथे केला आहे.

पहिली रीत खटल्याची. इंग्रजांनी १८७० साली दंडसंहितेत १२४अ हे राजद्रोहाचे कलम घातले. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा गुन्हा ठरला. पण प्रीती-अप्रीती मोजायची कोणत्या मापाने? या कलमाखाली १८९७ मध्ये 'केसरी'कार टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. डोंगरीच्या तुरुंगात गणिताच्या या पंडिताला काथ्याचे काम दिले होते. आमच्या घरी आजी सोडणे कुटून सुंभ वळते. तिच्या तळहातांकडे पाहिले म्हणजे या शिक्षेचा अर्थ मला पुस्तकाहून अधिक कळतो. १९०८ मध्ये टिळकांना पुन्हा सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यात आले. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली.

तरीही या खटल्यांत आरोप उघड होता, बचावाची संधी होती. १९०८ च्या खटल्यात नऊ ज्यूरींपैकी दोघांनी टिळकांना निर्दोष ठरवले. म्हणून इंग्रज न्यायी होता असे मात्र कोणी समजू नये. १८९७ सालीच पुण्याच्या नातूबंधूंना त्याने १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबले होते.

ही दुसरी रीत, विनाचौकशी स्थानबद्धतेची. स्वतंत्र भारतात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती आणीबाणीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. दिल्लीत अनेक वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडण्यात आली. 'मिसा' कायद्याखाली कोणालाही अटक करता येई, आणि दुरुस्तीनंतर अटकेचे कारण सांगण्याचेही बंधन उरले नाही. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांना जुलैमध्ये तिहार तुरुंगात टाकण्यात आले. त्यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ते सुटले. परंतु तो अर्ज ऐकणाऱ्या एका न्यायमूर्तींची पुढे गुवाहाटीला बदली झाली. १९७७ च्या सरकारी श्वेतपत्रिकेप्रमाणे २५३ पत्रकारांना अटक झाली होती; पैकी ११० 'मिसा'खाली. आपल्या राजापूर मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार प्रा. मधु दंडवते हेही याच काळात बंगलोरच्या तुरुंगात होते.

तिसरी रीत सर्वांत शांत. ती म्हणजे छापण्यापूर्वीची तपासणी. हीत कोणाला बेड्या पडत नाहीत. मजकूरच उगवू दिला जात नाही. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर कोरी जागाही सरकारला बोचली. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर टीका करणे आणीबाणीतही गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. विरोधातले ते एक मत न्या. ह. रा. खन्ना यांचे. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही.

मग यावर उपाय झाला काय? थोडासा झाला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केवळ 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण राहिले नाही. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच चुकीचा ठरवला. १२४अ कलम मे २०२२ मध्ये स्थगित झाले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. तथापि नव्या न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात मिळताजुळता गुन्हा आहेच. विनाचौकशी स्थानबद्धतेला तर आपल्या घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच जागा आहे.

आमच्या घरात वर्तमानपत्र वाचणारा मी पहिला. मी मोठ्याने वाचतो, घरचे ऐकतात. वडील कधी विचारतात, "ह्या खरा कशावरना?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर पत्रकार बाहेर असला पाहिजे. तो आत गेला, की गजाआड एक माणूस जातो, आणि अंधारात मात्र त्याचे सगळे वाचक व ऐकणारे राहतात. दरवर्षी ६ जानेवारीला आपण जांभेकरांच्या प्रतिमेस हार घालतो. त्या दिवशी हे एवढे आठवावे, असे मला वाटते.