सायकल-शर्यती : नियम कोणाचा, पैसा कोणाचा?



कुस्त्यांचा फड असो वा नाटकाचा प्रयोग असो, दाराशीं तिकिटें विकून खर्चाची तोंडमिळवणी करतां येते. रस्त्यावरील सायकल-शर्यतीस मात्र दारच नसतें. पाहणारा आपल्या ओसरीवरून ती पाहतो आणि एक छदामहि न देतां घरांत जातो. अलिबागेहून मुरुडास जाणारा रस्ता आमच्या काशीद गांवावरून जातो. सुटीच्या दिवशीं त्यावर सायकलस्वारांचे तांडे दिसूं लागले, कीं मुलें विचारतात, "गुरुजी, यांना पैसे कोण देतो?" या प्रश्नांतच आजचा विषय सांठवलेला आहे. शर्यत कोणाच्या नियमानें आणि कोणाच्या पैशानें चालते हें समजलें, म्हणजे आपल्याकडील होतकरू मुलांचे श्रम कोठें वायां जातात हेंहि समजतें.

प्रथम नियमांचा विचार करूं. सायकलस्वारांचा पहिला आंतरराष्ट्रीय संघ 1892 सालीं लंडन येथें निघाला. त्यांत ब्रिटनच्या निरनिराळ्या प्रांतांस स्वतंत्र स्थान असावें कीं नाहीं, यावरून तंटा माजला. तेव्हां 1900 च्या एप्रिल महिन्यांत फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड व अमेरिका या पांच देशांतील संस्थांनीं पॅरिस येथें नवा संघ स्थापिला. आजचा ‘आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघ’ तो हाच. त्याचें ठाणें आतां स्वित्झर्लंडांतील एगल या गांवीं आहे.

हौशी आणि धंदेवाईक हा भेद या खेळांत फार दिवस जपला गेला. पैशाकरितां शर्यत न करणारा तो हौशी, आणि त्यावर पोट भरणारा तो धंदेवाईक. ऑलिंपिकमध्यें त्या काळीं हौशी खेळाडूंसच प्रवेश असल्यामुळें, ऑलिंपिक समितीच्या आग्रहावरून 1965 सालीं संघाच्या दोन शाखा करण्यांत आल्या. हौशांची शाखा रोम येथें, तर धंदेवाइकांची लक्झेंबर्ग येथें. 1992 सालीं या दोन्ही शाखा पुनः एक झाल्या आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून धंदेवाइकांसहि तेथें मज्जाव उरला नाहीं.

या जागतिक संघाखालीं आशियाचा संघ, त्याखालीं प्रत्येक देशाचा, त्याखालीं राज्याचा व शेवटीं जिल्ह्याचा, अशी ही शिडी आहे. आपल्या देशांत 1938 सालीं सिडनीच्या साम्राज्य-क्रीडांत भाग घेतलेले जानकीदास आणि मुंबईचे सोहराब भूत यांनीं 1946 सालीं राष्ट्रीय संघाची उभारणी केली, आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारतीय सायकलस्वार उतरले. आज ‘सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया’ या नांवानें राष्ट्रीय संघाचें काम चालतें. जिल्ह्यांतून राज्याकडे आणि राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेकडे, असा स्वाराचा मार्ग असतो. या शिडीबाहेर भरलेल्या शर्यतींत पहिला आलेला मुलगा गांवांत मिरवतो खरा. परंतु निवडीच्या वेळीं तो पहिला क्रमांक जमेस धरला जात नाहीं.

आतां पैशाकडे वळूं. फ्रान्सची सुप्रसिद्ध परिक्रमा, म्हणजे ‘तूर द फ्रान्स’, 1903 सालीं ‘लोतो’ नांवाच्या वर्तमानपत्रानें सुरू केली, ती खप वाढावा म्हणून. पहिल्या वर्षीं साठ स्वार निघाले व सहा टप्प्यांत सुमारें 2,400 किलोमीटर अंतर होतें. पुढें 1930 सालीं सायकल-कारखान्यांचे संघ वगळून राष्ट्रांचे संघ उतरविण्याचें ठरलें. त्यांचा खर्च चालकांवर पडला. तो भागविण्यासाठीं शर्यतीच्या पुढें जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा सोडण्यांत आला, आणि तो अद्यापि चालू आहे. 1954 सालीं इटलीचा फिओरेन्झो मान्यी यानें निव्हिया क्रीमच्या कंपनीचें पाठबळ मिळविलें. तेव्हांपासून सायकलच्या धंद्याशीं संबंध नसलेल्या कंपन्यांचीं नांवें स्वारांच्या सदऱ्यांवर झळकूं लागलीं.

आज दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा बहुतांशीं शर्यत भरविणाऱ्याकडे जातो. संघांचा निर्वाह मात्र मुख्यतः पुरस्कर्त्या कंपनीवर अवलंबून असतो. कंपनीनें हात आंखडला कीं नामांकित संघहि एका वर्षांत मोडतो आणि स्वार उघड्यावर पडतात. फ्रान्सच्या परिक्रमेच्या विजेत्याचें बक्षीस पांच लाख युरो आहे. तें तो रिवाजाप्रमाणें आपल्या सोबत्यांत वांटून टाकतो, कारण त्याचें खरें उत्पन्न वेतनांतून येतें. म्हणूनच आंतरराष्ट्रीय संघ परवाना देण्यापूर्वीं संघाकडून बँकेची हमी मागतो आणि वरच्या श्रेणींतील स्वारांचें किमान वेतन ठरवून देतो. वरच्या श्रेणींतील स्त्री-स्वारांस तें संरक्षण 2020 पासून मिळालें.

आपल्याकडे अशा कंपन्यांचे संघ फारसे रुजले नाहींत. येथें खेळाडूस आधार मिळतो तो नोकरीचा. रेल्वे व सेनादलें आपले संघ राष्ट्रीय स्पर्धेस पाठवितात, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. नांवानें हौशी असलेला आपला स्वार अशा रीतीनें नोकरीच्या पगारावर सराव करतो. राष्ट्रीय चमूच्या शिबिरांचा व परदेशप्रवासाचा मोठा भार केंद्र सरकार उचलतें.

याखेरीज एक निव्वळ हौशी पंथ आहे. पॅरिसच्या एका जुन्या मंडळाच्या नियमांनीं चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात. तेथें क्रमांक नाहीं, बक्षीस नाहीं. स्वारांनीं भरलेल्या प्रवेशशुल्कावर सारें चालतें.

आपल्या प्रांतांतील सर्वांत परिचित शर्यत मुंबई-पुण्याची. खोपोलीवरून बोरघाट चढून जो प्रथम माथ्यावर पोंचतो तो ‘घाटाचा राजा’. 2026 च्या जानेवारींत ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय संघाच्या पंचांगांतील टप्प्यांची शर्यत झाली. रस्ते व बंदोबस्त शासनाचा, शीर्षकांत नांव बजाज कंपनीचें, नियम एगलचे, अशी तिची त्रिविध रचना होती. तिची श्रेणी ‘2.2’ अशी लिहितात. पहिला आंकडा दोन म्हणजे अनेक दिवसांची शर्यत आणि दुसरा तिची पायरी दाखवितो.

पैसा देणारा आणि नियम पाळावयास लावणारा यांत अंतर असावें, हें यावरून ध्यानांत येईल. शिस्तीची गरज केवळ शर्यतीपुरती नसते. 2022 सालीं स्लोव्हेनियांतील शिबिरांत एका महिला सायकलपटूनें प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, तेव्हां भारतीय क्रीडा प्राधिकरणानें त्याचा करार संपुष्टांत आणला. 2025 सालीं संसदेनें क्रीडासंस्थांच्या कारभाराविषयीं कायदा केला; त्यांत राष्ट्रीय क्रीडा मंडळाची व तंटे सोडविण्यासाठीं न्यायाधिकरणाची तरतूद आहे.

शेवटीं गांवोगांवच्या मंडळांस एक विनंति. उत्सवांत वर्गणी काढून आपण शर्यत लावतां, करंडक देतां, हें स्तुत्यच आहे. परंतु शर्यतीपूर्वीं जिल्हा संघास कळवा, पोलिसांची परवानगी घ्या, शिरस्त्राणावांचून कोणास सोडूं नका, आणि रुग्णवाहिका उभी ठेवा. जमलेल्या वर्गणीचा एक भाग करंडकावर न घालवितां एखाद्या गरीब मुलाच्या सायकलीसाठीं व स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठीं बाजूस ठेवा. शर्यतीची चांगली सायकल कोळ्याच्या वा शेतमजुराच्या घरास परवडत नाहीं. दरवर्षीं एका मुलास किंवा मुलीस जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत पोंचविलें, तरी वर्गणी देणाऱ्यांचा पैसा सत्कारणीं लागला असें मी समजेन.